निळा रंग अर्ध्या तासात गेला

युसरानं कागद मोठ्यानं वाचला, एवढंच झालं. मनातल्या मनात वाचायची सवयच नाही त्या पोरीला. मोबाइलवरचा मेसेजसुद्धा सगळ्या खोलीला ऐकवते. शनिवारची सकाळ होती, चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तपासणी विभागात आम्ही दोघीच होतो, आणि मी सायकोसीनच्या बॅचच्या दाखल्यावर सही करायला पेन उघडलं होतं. सायकोसीन म्हणजे चरबीच्या जातीतला एक पदार्थ. पांढरी भुकटी. चिमूटभरसुद्धा नाही, पाच मिलिग्रॅम, काचेच्या कुपीच्या तळाशी आहे की नाही असं वाटावं एवढंच. परदेशातल्या प्रयोगशाळा मागवतात, वाढवलेल्या पेशींवर टाकतात आणि पेशी कशा मरतात ते बघत बसतात. चार वर्षांत मी त्याच्या आठ दाखल्यांवर सह्या केल्या आणि हे माणसाच्या अंगात कुठं होतं, कशानं होतं, याची एकदाही चौकशी केली नाही. मला काय करायचंय? मी शुद्धता बघते. अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर आली की सही करते आणि डब्याकडं वळते. यावेळी गिऱ्हाइकानं ऑर्डरीबरोबर एक माहितीपत्रक जोडलं होतं, आणि ते नेमकं युसराच्या हाती लागलं.

"मॅम, सुनो ना," ती म्हणाली. "ये तो हर किसी के बदन में थोडा थोडा बनता बोलते. अपने में एक एन्झाइम रहता, वो इसको तोड देता. जिन बच्चों में वो एन्झाइम नै, उनमें ये जमा होते जाता. नसों के ऊपर का कवर ही खतम कर देता." मी म्हटलं, बरं. तिला तेवढं पुरेना. "तीन-चार महिने तक बच्चा एकदम अच्छा. फिर रोना चालू. हात लगाए तो रोता, आवाज हुई तो रोता. मुठ्ठियां कायम बंद, अंगूठा अंदर. इन्फेक्शन कुछ नै और बुखार. दूध नै खींच सकता. बदन पीछे को कमान के जैसा—" "बस कर," मी म्हटलं. "मॅम?" "बस कर म्हटलं ना. वाचनालय आहे का हे?" ती गप्प झाली, पण डोळे कागदावरच. मग हळूच, मला सांगितल्याशिवाय तिला घास गिळणार नाही अशा थाटात, "मां-बाप दोनों तरफ से आता, मॅम. दोनों खुद अच्छे-भले रहते. रिश्ते में शादी हुई तो जादा चान्स." मी सही केली. हात अजिबात हलला नाही, आणि त्या न हललेल्या हाताचा मला इतका राग आला की पेनचं टोपण कुठं ठेवलं तेच सापडेना. नाव करुणा ठेवलंय माझं. आईबापांनी जरा थांबून, बघून ठेवायला पाहिजे होतं.

अंगठा आत. चिन्मयच्या, माझ्या भाच्याच्या, मुठी मी उघडायची. तान्ह्या पोराच्या मुठीत कापसाचे धागे, गोधडीची सुतं अडकतात आणि आंबूस वास येतो, ते कोमट पाण्यानं पुसायचं काम माझ्याकडं होतं. आधी तो हसत बोट धरायचा. चौथ्या महिन्यात ती मूठ उघडेना. अंगठा आत घट्ट दाबलेला, आणि उघडायला गेलं की असं किंचाळायचा की मागल्या गल्लीतली बाई दारात यायची. भांडं पडलं की किंचाळायचा. कुकरची शिट्टी झाली की किंचाळायचा. दमयंती, त्याची आई, त्याला पदराखाली घ्यायची आणि तो पाठ ताणून डोकं मागं टाकायचा, तोंड उघडं, दूध ओठावरून गळ्यात. पुन्हा घ्यायची, पुन्हा तेच. माझी आई दारात उभी राहून बघायची. "आईचंच नको म्हणायलंय लेकरू," ती म्हणायची. "लेकराला कळतं." हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं की घरातल्या भिंतींनाही पाठ झालं असेल. दमयंती पदरानं त्याचा गळा पुसायची. ती माझ्या मामाची मुलगी, पैठणची. मामाची मुलगी करून आणायची ही आमच्या घराची रीतच होती, आजीही तशीच आलेली. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही दोघी एकाच पाटावर बसून जेवायचो. मी तिला दमी म्हणायची. माझ्या भावाशी तिचं लग्न झालं त्या संध्याकाळी आई म्हणाली, आता वहिनी म्हणायचं, आणि मी लगेच म्हणायलाही लागले. हुकूम पाळण्यात माझा हात कुणी धरला नाही.

आता ते सांगते. सत्त्याण्णवचा मार्च संपत आला होता, मी विसाव्या वर्षात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घराण्यात सायन्स घेतलेली पहिली मुलगी, आणि ती मिजास माझ्या चालण्यातसुद्धा होती. त्या महिन्यात आम्हाला दुधाची परीक्षा शिकवली होती. दुधात निळा रंग टाकायचा, नळी कोमट पाण्यात ठेवायची आणि घड्याळ लावायचं. दुधात जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर अगदी वाईट. मागल्या पानावर तक्ता होता. तो तक्ता डेअरीत येणाऱ्या गाई-म्हशींच्या दुधाचा होता, हे वर ठळक छापलं होतं आणि मी वाचलंही होतं. एका सकाळी मी दमयंतीला म्हटलं, वहिनी, तुमचं दूध द्या, मी कॉलेजात तपासून आणते. ती लाजली. मग तिचा चेहरा असा काही उजळला! तिला वाटलं, चला, आता कळेल, आता कुणीतरी माझ्या बाजूनं सांगेल. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन तिनं पाठमोरी बसून भरून दिली. मी ती पिशवीत टाकली, लुनाच्या हुकाला पिशवी अडकवली, दोन तास केले, मैत्रिणीबरोबर कँटीनमध्ये बसले, मग बोटॅनीचं प्रॅक्टिकल केलं. पिशवी उन्हातल्या खिडकीत होती. दुपारी दीड वाजता मी बाटली उघडली. अर्ध्या तासात निळा रंग पार गेला. उडणारच. सहा तास उकाड्यात ठेवलेलं कुठलंही दूध तेच करील. पण मी वहीत वेळ लिहिली, तक्त्यापुढं खूण केली, आणि मला आनंद झाला. हो, आनंदच. मला काहीतरी सापडलं होतं.

घरी येऊन मी ते जेवायच्या पंगतीत सांगितलं. सगळे बसले होते, आई वाढत होती, दमयंती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोर मांडीवर घेऊन. "वहिनींच्या दुधात दोष आहे," मी म्हटलं. "मी टेस्ट केली. तक्त्यात सगळ्यात खालच्या नंबरचं निघालं." दोष हा शब्द माझा. तो आईनं उचलला, दादानं उचलला, आठ दिवसांत शेजारीपाजारी गेला आणि पैठणलाही पोचला. दमयंतीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. परीक्षेत नापास झालेली मुलगी मास्तरांकडं बघते तसं, म्हणजे आता काय करू? त्या रात्रीपासून तिचं दूध बंद. बाटली, पावडर. पोर आतल्या खोलीत आईजवळ, ती बाहेरच्या खोलीत. नोव्हेंबरात चिन्मय गेला, तेरा महिन्यांचा होऊन. शेवटी त्याला दिसत नव्हतं आणि बहुतेक ऐकूही येत नव्हतं, कारण शेवटी शेवटी भांडं पडलं तरी तो रडायचा नाही आणि आम्हाला वाटायचं, सुधारायलंय. तेराव्याला आई सगळ्यांसमोर म्हणाली, हिच्या दुधानं मारलं त्याला. समोर मामा बसले होते, आईचे सख्खे भाऊ. ते उठले, मुलीचा हात धरला आणि निघाले. वर्षभरात फारकतीचे कागद झाले. दादाचं दुसरं लग्न लातूरच्या नीरजाशी झालं, नात्याबाहेर. मामा दहा वर्षांनी वारले तेव्हा आई गेली नाही. मीही गेले नाही.

आणि सायकोसीनचं त्या शनिवारी कळलं असलं तरी दुधाचं मला त्या दिवशी कळलं नाही, हे मी इथं लपवू शकते, पण कशाला लपवू? एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवांचा एक पेपर होता. मास्तर फळ्यावर लिहीत होते की नमुना बर्फात ठेवला नाही तर ही परीक्षा फक्त तुमच्या पिशवीचं तापमान सांगते. वर्ग हसला. मीही हसले, मग मला उन्हातल्या खिडकीतली ती पिशवी आठवली. तेव्हा दमयंतीला जाऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. अजून कागदांची शाईही वाळली नव्हती. मी जाऊन सांगू शकत होते. दर वर्षी सांगू शकत होते. सव्वीस वर्षं मी मला असं समजावलं की परीक्षा चुकली म्हणजे दूध चांगलंच होतं असं काही सिद्ध होत नाही. बाळ कशानं तरी गेलंच ना? किती शास्त्रीय! लोक देवाच्या आड लपतात, मी पुराव्याच्या आड लपले. त्या शनिवारी युसरानं तो पुरावाही वाचून दाखवला. मुठीपासून कमानीपर्यंत एकेक ओळ आमच्या घरातली होती. विष त्या बाईच्या दुधात नव्हतं. ते त्या पोराच्याच अंगात तयार होत होतं, आणि ते मोडायची सोय त्याला दोन्हीकडून मिळाली नव्हती. अर्धं तिच्याकडून, अर्धं माझ्या सख्ख्या भावाकडून. म्हणजे कदाचित माझ्याकडंही.

हे कळायला मुहूर्तही काय गाठला होता! रविवारी दादाच्या ज्योतीनगरच्या घरी माझ्या मुलाच्या साखरपुड्याची तारीख काढायची होती. माझा हिमांशू आणि दादाची अश्लेषा. पुन्हा मामाचीच मुलगी. दोघं पुण्यात नोकरीला, दोघांचं जमलं, आणि आईला तर आकाश ठेंगणं झालं. तिचं स्वतःचं माहेर तुटलं ते तुटलं, निदान नातवाच्या लग्नात रीत सांधली जाईल, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. हिमांशूचे बाबा गेल्याला सहा वर्षं झाली, त्यामुळं घरात हो-नाही म्हणणारी मी एकटीच, आणि मी हो म्हणून बसले होते. आता दोघांच्या रक्ताच्या तपासण्या करा म्हणायचं तर कशासाठी ते सांगावं लागणार. ते सांगितलं की चिन्मय कशानं गेला ते आलं. ते आलं की दमयंतीचं दूध आलं, आणि मी आले. न सांगावं तर उद्या हिमांशूच्या पोराची मूठ मला उघडावी लागेल. रविवारी सकाळी रिक्षात सेव्हन हिल्सच्या पुलावरून जाताना मी वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यातून स्वतःला अलगद बाजूला काढत होते. "तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे" असं एक वाक्य होतं त्यात. माझीच मला किळस आली.

नीरजावहिनींनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, लिंबू पिळून, वर शेंगदाणे. आई खुर्चीत पंचांग घेऊन, चष्मा कपाळावर. दादा एकसष्ट वर्षांचा झाला तरी अजून बनियनवर बसून पेपर वाचतो, जगाचं याला काही देणं नाही अशा थाटात. मी चप्पल काढली आणि बसायच्या आधीच बोलले. "तारीख नंतर काढू. आधी दोन्ही पोरांची रक्ततपासणी करायची. चिन्मयला जे झालं होतं ते आनुवंशिक होतं. त्याचं नाव मला कळलंय." चिन्मय हे नाव त्या घरात अठ्ठावीस वर्षांनी कुणी उच्चारलं असेल. नीरजावहिनी बशा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, मुठी, ताप, पाठ. आणि मग, वाक्य जुळवलं नव्हतं तरी निघालं, "माझी दुधाची टेस्ट चुकीची होती. दूध चांगलं होतं." दादानं पेपरची घडी घातली. नीट, चार घड्या. "अश्लेषाची तपासणी झालीय," तो म्हणाला. "दिवाळीत. माझीपण केली, चिन्मयची सगळी लक्षणं सांगून, हैदराबादला पाठवून. माझ्यात आहे. तिच्यात नाही. तिच्यात नाही म्हटल्यावर पोरांना काही होत नाही, विचारलंय मी डॉक्टरला. तारीख काढा."

मला आधी काही कळलंच नाही. मग एकेक शब्द लागत गेला. "दिवाळीत तुला हे सुचलं कसं?" मी विचारलं. तो खिडकीकडं बघत म्हणाला, "पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेव्हाच. सप्टेंबरात नेलं होतं ना चिन्मयला? नाव-बिव नव्हतं सांगितलं. एवढंच म्हणाले, दोघांकडून आलंय, नात्यात लग्न होतं ना तुमचं, पुढचं मूलही असं होऊ शकतं." सप्टेंबर. म्हणजे पोर जायच्या दोन महिने आधी. तेराव्याला आई बोलली तेव्हा हा शेजारीच बसला होता, मुंडण केलेलं डोकं खाली घालून, आणि मामांना, आम्हा सगळ्यांनाच वाटलं की दुःखानं गप्प आहे बिचारा. "आणि तू बोलला नाहीस?" "मी काय बोलणार?" त्याचा आवाज चढला. "सायन्सवाली तू होतीस. टेस्ट तू केलीस. पंगतीत तू सांगितलंस. मी सांगितलं असतं की माझ्यातही खोट आहे तर मला दुसरी मुलगी कुणी दिली असती?" हे तो नीरजावहिनींच्या समोर म्हणाला. त्यांनी बशा टेबलावर ठेवल्या आणि आत गेल्या, आणि आतून नळाचा आवाज येत राहिला. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. इतकी की उजवा हात जड झाला. आणि त्याच क्षणी हेही वाटलं की चला, मी एकटी नाही, माझ्यापेक्षा नालायक कुणीतरी आहे. तेवढा दिलासा मी घेतला. लाज न वाटता घेतला.

आई इतका वेळ पंचांगाचं एकच पान धरून बसली होती. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "तुला अक्कल होती, ह्याला माहीत होतं. मग मला कशाला बोलू दिलं? माझ्या भावाच्या तोंडावर बोलले मी. त्याच्या मातीला गेले नाही." मी म्हटलं, "आई, तू टेस्टच्या आधीपासून बोलत होतीस. लेकराला कळतं म्हणायचीस." "म्हणायचे!" ती ओरडली. "म्हातारी बाई बोलतच असती. तू शिकलेली होतीस ना?" मग तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला, पदरानं नाक पुसलं आणि व्यवहाराचं बोलली. "दमीला आता कळवू नका. ती बसलीय तिच्या घरी. जुनं उकरून तिला काय मिळणारंय? लग्न सुखरूप पार पडू द्या." दादा लगेच म्हणाला, "तेच म्हणतो मी. आता गरज काय?" आणि खरं होतं ते. पोरांना धोका नव्हता. ज्या कारणानं मी तोंड उघडलं ते कारणच संपलं होतं. तपासणी झालेली, तारीख निघणार, सगळं बिनबोभाट. दमयंतीला सांगायची गरज आता फक्त दमयंतीला होती, आणि त्या घरात तिची बाजू मोजायची कुणाला सवयच नव्हती. मलाही नव्हती. मी सुशीला चार घास खाल्ला. चांगला झाला होता. तो गिळताना मला समजलं की मी आत्ता उठले नाही तर कधीच उठणार नाही, अजून अठ्ठावीस वर्षं पुराव्याची वाट बघत बसेन. मी उठले. "कुठं निघालीस?" आई म्हणाली. मी म्हटलं, "पैठणला." "करुणा, तुला माझी शपथ आहे." मी चप्पल घातली.

बसस्थानकावर पैठणची गाडी लागलेलीच होती, आणि मला वाईट वाटलं. तासभर तरी लागायला नको होती. खिडकीशी बसले. शेजारी एक बाई मोसंबीची पिशवी पायात घेऊन, बिडकीनपर्यंत ती सोलत होती आणि मला फोडी देत होती, आणि मी घेत होते. ताई, माहेरला निघालात का, तिनं विचारलं. मी म्हटलं, मामाकडं. मामा जाऊन अठरा वर्षं झालेली. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, गाडी थांबायची आणि मला बरं वाटायचं. ढोरकीनला एकदा मनात आलं की उतरून परत जावं. फोन करून सांगता येईल, पत्र लिहिता येईल, सविस्तर, मुद्देसूद. पत्रात मी छान दिसले असते. मला कुणी विचारलं असतं की तू हे तिच्यासाठी करायलीस का तुझ्यासाठी, तर मी खोटं बोलले असते. पैठणला उतरले तेव्हा अडीच वाजले होते आणि ऊन रस्त्यावर सरळ पडलं होतं. तिचं घर मला कुणाला विचारावं लागलं नाही. पाय सगळे चौक ओळखत होते, याचाही मला संताप आला.

दमयंती ओसरीवर सतरंजी टाकून बसली होती. मांडीवर मोरपिशी पैठणी, ती दुकानांच्या साड्यांना फॉल लावून देते. केस पूर्ण पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात. एकावन्न वर्षांची आहे, पासष्टीची दिसत होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि ओळखायला जेवढा वेळ लागायला पाहिजे होता तेवढा लागला नाही. "ये," ती म्हणाली. "आत्या बऱ्यायत का?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. "पाणी घेतेस?" "नको. आधी ऐक." तिला काय म्हणायचं तेच मला सुचेना. वहिनी म्हणायचा हक्क आम्हीच मोडलेला आणि दमी म्हणायची माझी लायकी नव्हती. शेवटी नाव न घेताच सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. बाटली उन्हात ठेवली होती हे सांगितलं, तक्ता म्हशीच्या दुधाचा होता हे सांगितलं, मला दोन वर्षांनी कळलं आणि मी गप्प बसले हे सांगितलं. चिन्मयला काय झालं होतं, ते दोघांकडून कसं येतं, ते विष त्याच्या स्वतःच्या अंगात साचत होतं, हे सांगितलं. दादाला सप्टेंबरातच माहीत होतं, हे सांगितलं. "तुझ्या दुधात काही नव्हतं," मी म्हटलं. "तुझा काही दोष नव्हता. मी खोटारडी. मला माफ कर असं म्हणायला मी आले नाही." पण म्हणायलाच आले होते. तिनं मध्ये एकदाही सुई थांबवली नाही. छोटे छोटे टाके, सगळे सारख्या अंतरावर. मला वाटलं, तिला ऐकू जायलंय का नाही.

मग ती बोलली, साडीकडंच बघत. "शेजारची सून बाळंत झाली ना, की मी तिकडं जात नाही. लोक समजतात, मला बघवत नाही. तसं नाही. माझी सावली नको म्हणून जात नाही." तिनं फॉल सरळ केला. ती म्हणाली, "ते दूध आठ महिने होतं मला. बंदच होईना. मी मोरीत पिळून टाकायची. आत्यांनी आतून कडी लावलेली, आणि तो आत रडायचा. तो रडला की इकडं पोलकं भिजायचं. दाराला टेकून बसायची मी." तिनं दोरा दातानं तोडला. बोलायला लागल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, अठ्ठावीस वर्षांपूर्वीसारखं नाही, अगदी सरळ. "मला एक सांग. तेव्हा मी दार वाजवून त्याला घेतलं असतं आणि पाजलं असतं तर?"

"तो वाचला नसता," मी म्हटलं. घाईघाईनं म्हटलं. "कशानंच वाचला नसता. तेव्हा काही उपायच नव्हता, आणि त्याला नीट ओढताही येत नव्हतं, हळूहळू गिळणंही बंद होतं त्यात, म्हणजे पुढं पुढं तर—"

"वाचला असता का ते नाही विचारलं मी," ती म्हणाली. "त्याला भूक लागायची. पाजलं असतं तर चाललं असतं का?"

समोर पैठणी होती, तिच्या मांडीवर तिचे दोन्ही हात होते, उताणे. खोटं बोलायला मला एवढी जागा कधीच मिळाली नव्हती. नाही म्हटलं असतं तर तिला झोप लागली असती. आणि तिनं सगळं आयुष्य माझं खरं मानलं होतं, हेही मानलं असतं.

"हो," मी म्हणाले. "चाललं असतं."